मागचा माणूस

"हा हात तुम्ही कापलात, साहेब."

असं म्हणून तिने वडिलांचं मनगट धरलं आणि पट्ट्यांत गुंडाळलेला त्यांचा उजवा हात सुरक्षा अधिकाऱ्याच्या टेबलावर ठेवला. हात म्हणायचा म्हणून म्हणायचा. अंगठा होता, करंगळी होती, मधे नुसती सपाट गुंडाळी. टेबलाच्या काचेखाली साहेबांच्या मुलांचे फोटो लावलेले होते, त्यांतल्या एकावर तो हात नेमका आला. साहेबांनी खुर्ची थोडी मागे घेतली.

"आधी बसा," ते म्हणाले. "ओरडून काही होत नसतं."

"मी ओरडत नाहीये. मी बसच्या तिकीट खिडकीवर काम करते. दिवसभर काचेतल्या भोकातून बोलावं लागतं. माझा आवाजच असा झालाय."

वडील आधीच बसले होते, खुर्चीच्या अगदी कडेला. कुणी ऊठ म्हणालं तर उठायला सोपं जावं असे. तिचा होणारा नवरा दाराजवळ उभा राहिला. अंगावर कारखान्याचाच निळा शर्ट होता, कारण त्याची पाळी आता सुरू व्हायची होती. येताना रस्त्यात त्याने तिला परत परत विचारलं होतं, "मी आत यायलाच पाहिजे का?" आणि तिने प्रत्येक वेळी हो म्हटलं होतं. घरातला माणूस सोबत असावा, एवढंच तिच्या मनात होतं.

"हे बघा," साहेब म्हणाले, "प्रेस खात्यात गेल्या वर्षभरात एकही अपघात झालेला नाही. तुमच्या वडिलांचा हात राहत्या इमारतीच्या लोखंडी दारात सापडला. मी म्हणत नाही. यांनीच दवाखान्यात तसं सांगितलंय."

"का सांगितलं ते विचारा की."

"ते मी कसं विचारणार? दार त्यांचं, हात त्यांचा."

हे साहेब हुशार होते यात वाद नाही. बक्षिसाची योजना त्यांचीच. खात्यात वर्षभर अपघात झाला नाही तर खात्यातल्या प्रत्येकाला दीड महिन्याचा पगार वर. एक जरी झाला तर कुणालाच काही नाही. त्यासाठी फाटकाशी हिरवा बोर्ड लावलेला होता आणि पहारेकरी रोज सकाळी त्यावरचा आकडा एकाने वाढवायचा. पत्र्यातून डब्यांची झाकणं कापणाऱ्या प्रेसवर हात आत जाऊ नये म्हणून जाळी असते. ती जाळी खाली सोडली की तासाला ठरलेली झाकणं निघत नाहीत, म्हणून सगळ्या प्रेसच्या जाळ्या तारेने वर बांधून ठेवलेल्या. तासाची झाकणं ठरवणारा माणूस साहेबांच्या शेजारच्याच खोलीत बसायचा. दोघे दुपारी एकत्र जेवायचे. नवीन मशीन आणायचं तर लाखांनी पैसा लागतो, बोर्ड रंगवायला रंगाचा एक डबा पुरतो. योजना सुरू झाली आणि अपघात थांबले. माणसं लंगडत आली तर जिन्यावरून पडलेली असत. भाजून आली तर घरी चहा सांडलेला असे. कारखाना सोडून सगळं जग धोक्याचं झालं होतं.

साहेबांना या योजनेबद्दल वरून शाबासकी मिळाली, भिंतीवर फ्रेम होती.

इकडे तिच्या घरात त्याच वर्षी लग्न ठरलं. मुलगा वडिलांच्याच खात्यातला, अजून कायम न झालेला. कारखान्यात त्याला सगळे आधीपासूनच जावईबापू म्हणायला लागले होते. "जावईबापू, सासऱ्यांना चहा आणा." "जावईबापू, पत्रा नीट धरा, हुंड्यात प्रेस मिळणार नाही." तो हसायचा. वडीलही हसायचे, पण तोंड फिरवून.

खर्च कमी कसा करायचा याची बैठक रोज संध्याकाळी भरायची. आई, मावशी आणि ती. हॉल मंगळवारी दुपारचा घेतला तर निम्म्यात मिळत होता.

"मंगळवारी दुपारी?" मावशी म्हणाली. "लग्न आहे की दाढ काढायचीय?"

"दाढ काढायला लोक सुट्टी तरी घेतात," आई म्हणाली. "लग्नाला नाही घेतली तर बरंच. तेवढी ताटं वाचली."

हॉलवाल्याने विचारलं, खुर्च्यांना झगे घालायचे का, त्याचे वेगळे पडतात. आई म्हणाली, "खुर्च्यांचं लग्न नाहीये." फुलं फक्त पुढच्या बाजूला, मागे तसंही कुणी बघत नाही. नवरदेवाचा कोट भाड्याने. भाडेवाल्याने बजावून ठेवलं होतं की डाग पडला तर अनामत गेली, म्हणून जेवताना त्याने कोट काढून बसायचं असं ठरलं. फोटोवाला नको, मित्राच्या फोनवर काढू. पत्रिका नको, फोन करू. चुलत आत्याला बोलवायचं तर तिच्या तिन्ही सुना येणार, सुनांना टाळायचं तर आत्या रुसणार. दोन संध्याकाळी त्यावर गेल्या आणि शेवटी आत्याच कापली. त्या दिवसांत घरात हाच एक शब्द ऐकू यायचा. फुलं कापा. वाजवणारे कापा. आत्या कापा.

वडील या बैठकीत कोपऱ्यात बसून बूट पुसत असायचे. एकदाच बोलले.

"जेवण कापू नका. आलेला माणूस अर्धपोटी जाता कामा नये. ते माझ्यावर सोडा. बक्षीस येणारच आहे."

"आलं नाही तर?" आईने विचारलं.

"न यायला काय झालं? वर्ष संपतच आलंय. कुणी इकडेतिकडे हात घातला नाही म्हणजे झालं."

मावशी म्हणाली, "भावजी, तुम्ही एवढं मोठं वाक्य बोललात, आता थोडं पाणी प्या." सगळे हसले. तीही हसली.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी ते हाताला फडकं गुंडाळून घरी आले. फडकं काळं पडलेलं होतं. खालच्या दारात सापडला, म्हणाले. आईने त्या दाराला इतक्या शिव्या दिल्या की वरच्या मजल्यावरचे लोक जिन्यात आले. तेवढ्यात होणारा जावई आला, सहज आलो म्हणाला, आणि त्यांना स्कूटरवर घालून कोपऱ्यावरच्या स्वस्त डॉक्टरकडे घेऊन गेला. टाके पडले. दुसऱ्या दिवशी वडील हातमोजा चढवून कामाला गेले.

हातमोज्याच्या आत जे चाललं होतं ते खात्यातल्या सगळ्यांना माहीत होतं. त्यांनी आळीपाळीने त्यांचं काम ओढलं. यांना झाडू दिला, झाकणं वेचायला बसवलं, साहेबांची फेरी आली की भांडारात पाठवलं. वर्ष संपलं. फाटकाशी मिठाई वाटली गेली. वडिलांनी पाकीट डाव्या हाताने घेतलं आणि तसंच हॉलवाल्याला आणि आचाऱ्याला नेऊन दिलं. आई म्हणाली, चला, एक गाठ सुटली.

पुढच्याच आठवड्यात हातमोज्याला वास यायला लागला. मोठ्या दवाखान्यात नेलं तोपर्यंत तीन बोटं आणि तळव्याचं मांस वाचवण्यासारखं राहिलं नव्हतं. आणि कारखान्याने कळवलं की इजा घरी झालेली असल्यामुळे भरपाईचा प्रश्न येत नाही, काम करण्यास असमर्थ म्हणून हिशेब पूर्ण करून घ्यावा.

तिला खरं काय ते खिडकीवर कळलं. खात्यातला टकल्या फिटर बायकापोरांना घेऊन बाहेरगावी निघाला होता. तिकिटं मागायच्या ऐवजी काचेच्या भोकाशी तोंड आणून म्हणाला, "तुझ्या बाबांचे उपकार आहेत गं आमच्यावर. पोरं पहिल्यांदा समुद्र बघतील. त्यांच्या हातामुळेच."

"हातामुळे म्हणजे?"

त्याने तिच्या तोंडाकडे पाहिलं. मग स्वतःच्या पोरांकडे पाहिलं.

"दोन मोठी, दोन लहान," तो म्हणाला, आणि पैसे सरकवून होईपर्यंत मान वर केली नाही.

त्या संध्याकाळी तिने वडिलांना विचारलं. ते भिंतीकडे तोंड करून पडले होते. तसेच पडून म्हणाले, "हो, प्रेसवर. एकटाच होतो. कुणाला बोलू नकोस." मग तिने त्याला विचारलं, लग्न ज्याच्याशी करायचं त्याला. तो म्हणाला, "मी त्या दिवशी पॅकिंगला होतो. मला काय माहीत?" आणि मग, "पण आता कशाला उकरायचं? लग्न होऊन जाऊ दे ना."

लग्न व्हायला हवं होतं तिलाही. पण लग्नानंतर घरात एका हाताचा माणूस बिनपगारी बसणार होता, आणि आई, जिने सगळं कापत आणलं होतं, तिच्याजवळ कापायला काही उरलं नव्हतं. म्हणून ती इथे आली होती.

"समजा, तुम्ही म्हणता तसं कारखान्यात झालं," साहेब म्हणाले. त्यांनी पेनाच्या टोकाने वडिलांचा हात दाखवला, लावला नाही. "मग त्याच दिवशी का कळवलं नाही?"

"कळवलं असतं तर सगळ्या खात्याचं बक्षीस गेलं असतं. तुम्ही माणसाचा माणसावर पहारा बसवलात, साहेब. आणि पहाऱ्याचे पैसे वर्षातून एकदा देता."

"हे भाषण झालं."

"मग तुम्ही सांगा ना, बोर्ड कशासाठी लावलाय? माणसं दुखावू नयेत म्हणून, की दुखावलेली दिसू नयेत म्हणून?"

"बोर्ड सुरक्षिततेसाठी आहे," साहेब म्हणाले, आणि घड्याळाकडे बघितलं. "आता कामाचं बोलू. मी आज अपघात नोंदवायचा म्हटला तर त्याचा अर्थ समजतो का तुम्हाला? मागच्या वर्षाचं बक्षीस परत घ्यावं लागेल. यांच्या एकट्याचं नाही, सगळ्या खात्याचं. पगारातून." त्यांची नजर दाराकडे गेली. "तू प्रेसलाच ना रे?"

"हो, साहेब."

"तुझं कायम व्हायचं पत्र पुढच्या महिन्यात निघतंय ना?"

"हो, साहेब."

"अभिनंदन."

त्याने शर्टाची बाही मनगटापर्यंत ओढली, पुन्हा वर सारली.

"बाबा," ती म्हणाली, "तुम्ही सांगा. काय झालं ते साहेबांना सांगा."

वडिलांनी घसा साफ केला. "पत्रा अडकला होता. काढायला गेलो. सापडला."

"बरोबर कोण होतं?" साहेबांनी विचारलं.

"कुणी नाही. एकटाच होतो."

साहेब पहिल्यांदाच हसले. वाईट नाही, अगदी समजुतीचं हसू. ते तिच्याकडे वळले.

"ताई, तुम्हाला तिकिटांचं कळतं, मला प्रेसचं कळतं. ती प्रेस एका माणसाची नाही. पुढचा माणूस दोन्ही हातांनी पत्रा सरकवतो. पेडल मागे असतं, मागच्या माणसाच्या पायाखाली. पुढच्याने हात बाहेर काढून 'हो' म्हणायचं, मग मागच्याने पाय द्यायचा. तिथे मशीनच्या आवाजात दुसरं काही ऐकू येत नाही, हा एक 'हो' तेवढा ओरडून म्हणतात. आता हे म्हणतात एकटा होतो. मग पेडल कुणी दाबलं? भूत आलं होतं?"

तिला हे माहीत नव्हतं. वडिलांनी घरी कधी कामाचं सांगितलंच नव्हतं.

"म्हणजे दोनच गोष्टी शक्य आहेत," साहेब म्हणाले. "एक, हात दारातच सापडला आणि आता पैशासाठी तुम्ही गोष्ट रचताय. दोन, यांनी पेडलवर वीट ठेवली होती. काही लोक करतात. वीट ठेवायची, मशीन आपोआप वरखाली होत राहतं, एकटा माणूस दोघांची झाकणं काढतो, जास्तीचे पैसे मिळतात. लेकीचं लग्न आहे, मी समजू शकतो. पण मग चूक सरळसरळ यांची. भरपाई सोडा, मलाच यांच्यावर कारवाई करावी लागेल."

"वीट?" वडील म्हणाले.

"मी म्हणत नाही, ठेवलीच होती. पण लोक ठेवतात."

"वीट?" वडील उभे राहिले. खुर्ची मागे घसरली. तिने त्यांना असं उभं राहिलेलं कधी पाहिलं नव्हतं, घरात नाही, दवाखान्यात नाही. "उभा जन्म गेला त्या प्रेसवर. किती पोरांना शिकवलं मी, विचारा कुणालाही. पेडलवर वीट ठेवणाऱ्याच्या कानाखाली मारलीय मी, तुमच्याच समोर, आठवतं का? आणि मी वीट ठेवीन? मागे माणूस होता, साहेब! धडधडीत माणूस होता! मी हो म्हणायच्या आधीच त्याने..."

ते तिथे थांबले.

पंखा फिरत होता. खालून खात्याचा आवाज येत होता, एकसारखा, जमिनीतून वर चढणारा. वडील हळूच खाली बसले. काचेवरचा हात त्यांनी उचलून मांडीवर घेतला आणि डाव्या हाताने झाकला.

"मागे कोण होतं?" साहेबांनी विचारलं. आता ते हसत नव्हते. उत्तर नको असलेल्या माणसासारखं त्यांनी पेन टोपणात घातलं.

"कुणी नाही," वडील म्हणाले. "मी चुकून बोललो. वीटच असेल. तुम्ही म्हणता तसंच लिहा."

"बाबा!"

"लिहा, साहेब. वीट होती. माझीच चूक."

ती वडिलांकडे बघत राहिली. ते खिडकीकडे बघत होते, मग भिंतीवरच्या फ्रेमकडे, मग साहेबांच्या पाण्याच्या ग्लासकडे, मग स्वतःच्या गुडघ्यांकडे. खोलीतल्या प्रत्येक वस्तूवर त्यांची नजर जाऊन आली. दाराकडे तेवढी गेली नाही.

टाके पडले त्याच्या दुसऱ्याच सकाळची गोष्ट तिला आठवली. होणारा नवरा कानस आणि रबराची पट्टी घेऊन आला होता. इमारतीच्या लोखंडी दारापुढे उकिडवा बसून त्याने त्याची कड घासली होती, बिजागऱ्यांना तेल घातलं होतं, सगळ्या कडेला रबर चिकटवलं होतं. पुन्हा कुणाचा हात सापडायला नको, म्हणाला होता. आईने त्याला वरून चहा पाठवला होता. मावशी म्हणाली होती, असा जावई शोधून मिळायचा नाही. घासताना कानस त्याच्या हातातून दोनदा फरशीवर पडली. ती जिन्यात उभी राहून बघत होती आणि आपल्या माणसाचं मन किती हळवं आहे म्हणून तिचा ऊर भरून आला होता.

त्या दाराने कुणाचंही काही वाकडं केलेलं नव्हतं.

ती वळली. तो तसाच उभा होता, दाराला पाठ लावून. कपाळावर घाम होता. तोंड किंचित उघडं होतं, जणू हवा आत घ्यायची की बाहेर सोडायची हे ठरत नव्हतं.

"तू त्या दिवशी पॅकिंगला होतास ना?" तिने विचारलं.

"अगं, सोड," वडील म्हणाले. "पोरी, मी पाया पडतो तुझ्या. घरी चल. हॉल घेतलाय आपण."

"त्यांचं ऐका," साहेब म्हणाले. "आणि तूही रे, काही बोलण्याआधी नीट विचार कर. खात्यात सगळ्यांची घरं आहेत. तुझंही आता होणार आहे."

हे ते शांतपणे म्हणाले, थोरल्या माणसाच्या आवाजात. खाली भोंगा वाजला. पाळी बदलायची वेळ झाली होती आणि त्याला जायला हवं होतं. त्याचा हात मागे दाराच्या कडीवर गेला आणि तिथेच राहिला.

"साहेबांकडे बघू नकोस," ती म्हणाली. "त्यांना मी नंतर विचारीन, त्यांचं माझं संपलेलं नाही. बाबांकडेही बघू नकोस, ते तुझ्यासाठी उरलेला हातही देतील. माझ्याकडे बघ."

त्याने बघितलं.

"बाबांनी हो म्हटलं नव्हतं. मग पाय कुणाचा पडला?"

त्याने खाली स्वतःच्या पायाकडे बघितलं.

"आणि दाराचं कुणी सुचवलं? त्यांनी, की तू?"

कडी वाजली. त्याने हात काढून घेतला होता.

"सांग," ती म्हणाली. "मी उभी आहे."